रात्रपाळीची लाईट आणि ४३ मिनिटं

वन खात्याची माणसं गावात येऊन ज्या चार गोष्टी सांगून जातात, त्यातली शेवटची मला फार आवडते. रात्री रानात एकट्यानं जाऊ नका, हातात काठी आणि बॅटरी ठेवा, उसाच्या कडेला वाकून बसू नका, आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. माणसाचा वावर आहे हे बिबट्याला लांबूनच कळलं पाहिजे. कुठली गाणी, हे खातं सांगत नाही. आमच्या शिवारात कुणी भजनं लावतं, कुणी शिंदेशाही, कुणी नुसतंच कीर्तन. मी ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावतो. १९८६ सालचा मेटॅलिकाचा अल्बम, आठ गाणी, पाऊण तासाहून मोठा. गोठ्यापासून नदीकडच्या तुकड्यापर्यंत चालत जायला त्यातलं पहिलं गाणं आणि दुसऱ्याचं अर्धं लागतं.

बिबट्या हा आमच्याकडं विनोदाचा विषय नाही. शिरूर तालुक्यात लहान मुलं त्याच्या तोंडी गेली आहेत. आता त्याचं घर उसातच आहे. पिल्लं उसात होतात आणि तोडणी आली की फडात सापडतात. तेव्हा मी गाणी लावतो ती आधी जिवाच्या भीतीनं, आवड त्याच्या मागून येते. पण कॉलेजात असताना ज्या आवाजावरून घरी अण्णांनी विचारलं होतं, “ह्यांचं कुणी मेलंय का काय रं?”, तोच आवाज सरकारी सल्ल्यात बसला याचा मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही.

गाव सांगायचं तर मांडवगण फराटा. नुसतं मांडवगण म्हटलं तर लोक श्रीगोंद्याकडं जातील, ते वेगळं. आमचं भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्याच्या टोकाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. कागदोपत्री शिरूरचे असलो तरी रेल्वे धरायची तर दौंडच. मुळा-मुठा वरच्या अंगाला रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते, म्हणजे पुण्याचं सगळं पाणी, चांगलं-वाईट, आमच्या दारावरून जातं. या पाण्यावर ऊस उभा आहे. आणि उसाला पाणी द्यायचं तर लाईट पाहिजे.

शहरातल्या वाचकासाठी थोडं थांबून सांगतो, कारण माझं सगळं संगीत या लाईटवर उभं आहे. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज वीज दिवसभर नसते. पाळ्या ठरलेल्या असतात. काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्रीची. रात्रपाळी आली की दहा-अकराला घरातून निघायचं, नदीवरची मोटार चालू करायची आणि दारं धरत बसायचं. पाटाचं पाणी चार-पाच सऱ्यांत सोडायचं, ते शेवटाला पोचेपर्यंत थांबायचं, पोचलं की खोऱ्यानं माती ओढून ते दार बुजवायचं आणि पुढचं मोडायचं. मधल्या वेळात काही काम नसतं. झोपता येत नाही, कारण पाणी फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं तर सकाळी भांडण. लांब जाता येत नाही. बोलायला कुणी नाही. जमिनीच्या उतारावर आणि सरीच्या लांबीवर अवलंबून ही मधली वेळ वीस-बावीस मिनिटांची असते.

लाँग प्ले रेकॉर्डची एक बाजूही साधारण तेवढीच.

हा योगायोग कळायला मला बरीच वर्षं लागली. अल्बम ही वस्तू अशा माणसासाठी घडवलेली आहे, ज्याला पाऊण तास कुठं जायचं नाही. पुण्यातल्या मित्रांकडं माझ्या दसपट संगीत आहे, कानात घालायच्या महागाच्या पुड्या आहेत, पण एकानंही गेल्या पाच वर्षांत एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला नाही. गाणं सुरू होतं, सिग्नल सुटतो, फोन येतो, जिन्यात कुणी भेटतं. मला मात्र पाणी बसवून ठेवतं.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ च्या मार्चमध्ये आला. ४३ मिनिटांचा. माझ्याकडं तो प्रथम आला तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला भरलेला. दुसऱ्या बाजूला दुसराच अल्बम. हॉस्टेलमधल्या नागपूरच्या पार्टनरनं भरून दिला होता आणि वर निळ्या शाईत फक्त ‘चंद्र’ असं लिहिलं होतं. सुरुवातीला काळजाचे ठोके, शेवटाला पुन्हा तेच ठोके. मध्ये घड्याळं, पैशांचा खुळखुळाट, कुणाचं तरी वेड्यासारखं हसणं. कॅसेटला ही बाजू पुरून दोन मिनिटं फीत कोरी उरायची. ती कोरी फीतही मी ऐकत असे.

हा अल्बम बिबट्यासाठी उपयोगाचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिलं दीड मिनिट तर माणसालाही धड ऐकू येत नाही. म्हणून माझी व्यवस्था अशी, की वाटेनं मेटॅलिका, आणि मोटारीपाशी पोचून बल्बच्या उजेडात बसलो की फ्लॉइड.

त्याच अल्बममध्ये एक गाणं आहे ज्यात शब्दच नाहीत. एक बाई नुसत्या स्वरात आक्रोश करते, उतरते, पुन्हा चढते. क्लेअर टॉरी तिचं नाव. मागच्या एका हंगामात आमच्या फडाशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. कोप्या घातलेल्या. पहाटे चारला त्या बायका आमच्या मोटारीच्या धारेवर हंडे भरायला यायच्या. एकदा नेमकं ते गाणं चालू होतं. त्यातली एक वयस्कर बाई हंडा धारेखाली ठेवून थांबली.

“कोन रडतंय वो मालक?”

“रडत नाही मावशी, गाणं आहे.”

“शब्द न्हाईत की.”

“नाहीतच.”

ती थोडा वेळ ऐकत राहिली. हंडा भरून वाहायला लागला तरी. मग म्हणाली, “हिचं कोन गेलं?”

मी म्हटलं, कुणी गेलं नाही. स्टुडिओत बोलावलं, म्हणाले मनाला येईल तसं गा. गायली आणि घरी गेली. तीस पौंड रोज मिळाला.

पौंड म्हणजे काय ते मला नीट सांगता आलं नाही, पण रोज म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. “आन् गानं चाललं?” तिनं विचारलं. मी सांगितलं, जगभर चाललं. अल्बम करोडोंनी खपला. अमेरिकेच्या यादीत १९८८ पर्यंतच ७४१ आठवडे राहिला.

“मग वाढवून दिलं का न्हाई?”

“कोर्टात गेल्यावर. २००५ साली तडजोड झाली. गाण्यावर तिचं नाव लागलं.”

“किती वर्सांनी?”

“बत्तीस.”

मावशीनं हंडा डोक्यावर घेतला. “मुकादमच म्हनायचा त्यो,” असं म्हणून ती अंधारात गेली. पिंक फ्लॉइडवर मी इंग्रजीतून बरंच वाचलं आहे. इतकं नेमकं समीक्षण मला सापडलेलं नाही.

रॉक हे आपलं नाही, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. पारावर ऐकलं, पुण्यात शास्त्रीय संगीतवाल्यांच्या घरात जरा सभ्य भाषेत ऐकलं. त्यावर वाद घालायचा मी सोडून दिला, पण कागदपत्रं गोळा करायचं सोडलं नाही. त्यातला माझा सगळ्यात लाडका कागद म्हणजे जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ची श्रेयनामावली. बीटल्सपैकी कुणीही स्वतंत्रपणे काढलेला हा पहिला अल्बम, १९६८ चा. एका चित्रपटासाठीचं संगीत. त्यातला मोठा भाग हॅरिसननं त्या वर्षी जानेवारीत मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, ही नावं लोकांना ठाऊक असतात. पण पुढं वाचा. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. बासरीवर एस. आर. केंकरे. आणि सनईवर शरद व हनुमान ‘जादेव’. हे जाधव असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. विलायतेतल्या कारकुनानं ऐकून लिहिलं असेल. लग्नात आमच्याकडं जी सनई वाजते, तिच्याच जातभाईनं बीटल्सच्या घरातला पहिला सवतासुभा उभा केला. अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “बिदागी किती दिली?” आमच्या घरात आणि कोपीत प्रश्न एकच असतो.

चार वर्षांनी, १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी त्यांनी पुन्हा बांधून पाहिली. त्यातलं एक ‘फोर स्टिक्स’. मूळ गाण्यात त्यांच्या ढोलवाल्यानं, जॉन बॉनहॅमनं, दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काड्या धरून वाजवलं होतं, म्हणून हे नाव. पाचाची आणि सहाची मात्रा एकमेकींत गुंफलेली. मुंबईतलं ते ध्वनिमुद्रण ४३ वर्षं तसंच पडून राहिलं आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. ते ऐकताना मला आमच्या यात्रेतला हलगीवाला आठवतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात लवलवती काडी. जाड काडी सांगते ते बारीक काडी ऐकत नाही, आणि दोघींच्या भांडणातून पाय उचलायला लागतात. पाच आणि सहाच्या मात्रेचं कोडं त्याला घालून बघावं असं फार मनात होतं. गेल्या यात्रेत मी मोबाईल त्याच्या कानाला लावला. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं, डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर काहीतरी केलं आणि म्हणाला, “ह्यो चुकत न्हाई. पन लोकं नाचायची न्हाईत.” खरं आहे. नाचत नाहीत.

नंदू भेंडे यांचं नाव मला फार उशिरा कळलं, याची खंत आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमीच्या ऐन घरातला. सत्तरच्या दशकात तो मुंबईत ‘व्हेल्वेट फॉग’ नावाच्या रॉक बँडमध्ये गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं, त्यात त्यानं जुडास केला. आणि १९७८ मध्ये ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, तोच गळा मराठीत गायला. आमचा भाग तमाशाचा. पलीकडं नारायणगावला अजूनही राहुट्या लागतात, तिथं यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्या फडांत आज ऑक्टोपॅड असतो, ऑर्गन असतो. तेव्हा तमाशाच्या नावाखाली रॉकचा गळा मराठी रंगमंचावर उभा राहिला, ही घटना आमच्यासाठी लांबची नव्हती. पण ती आमच्यापर्यंत कुणी आणली नाही. पुण्याच्या नाट्यगृहातून मांडवगणपर्यंत यायला एसटीला तीन तास लागायचे, बाकीच्या गोष्टींना तीस वर्षं. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले.

तसंच पाचगणीचं. आमची सातवीची सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली होती. टेबललँडवर घोडे, मक्याची कणसं, स्ट्रॉबेरीचं सरबत, परतीच्या वाटेवर निम्म्या गाडीला उलट्या. सेंट पीटर्स शाळेच्या परिसरातूनच गाडी गेली असणार. गुरुजींनी प्रतापगडाचा इतिहास सांगितला, तो सांगायलाच हवा. पण झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा इथं वसतिगृहात राहिला, त्यानं १९५८ च्या सुमारास चार दोस्तांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला, तो पियानो वाजवायचा, आणि पुढं तो क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला, हे कुणाला माहीत नव्हतं. त्या बँडमधले फरांग इराणी तर पुढं पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवत. म्हणजे मी पुण्यात शिकत असताना क्वीनच्या पूर्वजन्माचा साक्षीदार काही किलोमीटरवर लोकांना जेवू घालत होता आणि मी मेसच्या पातळ आमटीसमोर ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ऐकत बसलो होतो. तो १९७५ चा अल्बम मी रात्रपाळीला फारसा लावत नाही. त्यात फार माणसं आहेत. एकट्या रानात इतकी गर्दी सोसत नाही.

रंगभवन मात्र मी मुद्दाम जाऊन पाहिलं. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या बाजूला. उघडं नाट्यगृह. १९८६ मध्ये इथं ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे, पावसाच्या दिवसांत, उघड्यावर. रॉक मशीन इथं वाजवायचा. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढणारा, पुढं १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलेला बँड. त्यात गिटारवर महेश तिनईकर, गळा उदय बेनेगलचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र झाले आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातला आवाज थांबला. मी गेलो तेव्हा फाटक बंद होतं. बाहेर एक माणूस चप्पल शिवत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “आधी लई पोरं यायची, काळ्या बनियनवाली.” काळे टी-शर्ट म्हणायचं असावं.

नियमाच्या बाजूनं बोलायचं तर रुग्णालयाशेजारी रात्री गिटार कडाडू नये, हे मलाही पटतं. पण मग आमच्याकडं लग्नाच्या वरातीत ट्रॅक्टरवर चढवलेल्या ज्या भिंती येतात, ज्यानं म्हशीचं दूध आटतं आणि घराच्या खिडक्या थरथरतात, त्यांना शंभर मीटर कोण मोजून दाखवणार? आमच्या गावात मला ‘इंग्लिश भजनी’ म्हणतात, मी रात्री मोबाईलच्या रुपयाएवढ्या स्पीकरवर गाणी ऐकतो म्हणून. आणि आवाजाचा त्रास म्हणून तक्रार एकदाच आली, तीही माझ्याबद्दल.

२०२५ च्या जुलैत ऑझी ऑस्बॉर्न गेला. बातमी रात्री आली. पाऊस चालू होता, पाणी द्यायचं कारण नव्हतं, तरी मी गोठ्यात जाऊन बसलो आणि ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम लावला. १९७० च्या फेब्रुवारीतला. त्याची सुरुवातच पावसानं होते, मग लांबवर घंटा, मग ते तीन सूर. पत्र्यावरचा पाऊस आणि अल्बममधला पाऊस वेगळा करता येईना. म्हैस कान हलवत होती.

पण सॅबथमध्ये माझा माणूस ऑझी नव्हे, टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. वय सतरा. नोकरी सोडायच्या शेवटच्या दिवशी प्रेसखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. कारखान्यातल्या साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. हा जँगो जळालेल्या हातानं, दोन बोटांवर गिटार वाजवायचा. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या आणि पुढं त्या सैल सोडल्या, म्हणजे दुखायला कमी. सैल तारेचा जो जड, खालचा आवाज निघाला, त्यावर सगळं हेवी मेटल उभं आहे.

आमच्याकडं बोटं गेलेली माणसं मोजायला फार लांब जावं लागत नाही. कडबाकुट्टीत जातात. रांजणगाव, चाकणच्या शॉपमध्ये प्रेसखाली जातात, तिथं कंत्राटी पोरं आमच्याच गावांतली असतात. माझा एक मावसभाऊ त्यातलाच, डाव्या हाताची दोन. तो आता ट्रॅक्टर चालवतो, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून, आणि त्याच्या टपावर डेक आहे. त्याला मी आयोमीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्याला धीर वाटेल. तो म्हणाला, “गाणं राहू दे दादा. कंपनीनं भरपाई किती दिली त्याला?” मला सांगता आलं नाही. मग त्यानं सॅबथचा ‘पॅरानॉइड’ पेन ड्राइव्हवर भरून मागितला. गेल्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबरला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत, डीजेच्या गाण्यांच्या मधोमध, ‘आयर्न मॅन’ वाजत होतं असं त्यानं सांगितलं. दोन ड्रायव्हरांनी विचारलं, हे कुठल्या पिक्चरचं?

देशी अल्बमांत मला एकच रात्रपाळीला पुरतो, इंडियन ओशनचा ‘कांदिसा’, सन २०००. दिल्लीचा बँड, पण त्यातला राहुल राम नर्मदा आंदोलनात राहून आलेला, आणि नर्मदेवरचं गाणं त्यांनी आणलं ते त्या खोऱ्यातून. नदीवरून पाणी उचलत बसलेल्या माणसानं नदीवरचं गाणं ऐकताना जरा ओशाळायला होतं. मी ओशाळतो आणि ऐकतो.

सध्या पारावर विषय आहे तो दिवसा विजेचा. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सूर्यावर चालणारा फीडर म्हणजे वीज दिवसाच, रात्री रानात जायचं कारणच नाही. बिबट्याच्या भागात ही मागणी कुणी नाकारेल असं मला वाटत नाही. माझ्या पोराला मी रात्री दारं धरायला पाठवत नाही, मग दुसऱ्याच्या पोरानं का जावं?

फक्त दिवसाच्या पाळीत अल्बम ऐकून होत नाही, हे मी करून पाहिलं आहे. बांधावरून कुणी हाक मारतं, खताची गाडी येते, बायकोचा फोन येतो की सिलेंडरवाला आलाय. मागच्या दिवसपाळीत ‘चंद्र’ चार वेळा सुरू केला, घड्याळांच्या पुढं एकदाही गेलो नाही.

दिवसा वीज द्यावी म्हणून शिवारातल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करायचा ठरला, तेव्हा तो लिहायचं काम माझ्याकडं आलं, अक्षर बरं आहे म्हणून. रात्रपाळीच होती. मोटारीपाशी बल्बखाली खताच्या पोत्यावर बसून लिहिला. मागणीचं कारण म्हणून पहिल्या ओळीत बिबट्या घातला, दुसऱ्या ओळीत साप, तिसऱ्या ओळीत म्हाताऱ्या माणसांची झोप. खाली पहिली सही माझी केली. अर्ज पुरा व्हायला बरोबर एक बाजू लागली. मग उठून दार मोडलं.